सोमवारची दुसरी भेट

"हे कार्ड. आणि हा बीपीचा कागद," असं म्हणत त्या माणसानं खिडकीतून हात आत घातला, आणि तोंड वर करायच्या आधीच मी तो हात ओळखला. दोन कागदांच्या कडा एकमेकींना जुळवून, वर अंगठ्यानं दाबून मगच सोडणारा हात. चार वर्षांपूर्वी याच हातानं माझ्या रजिस्टरवर हिरव्या शाईनं पाच फुल्या मारल्या होत्या.

मग तोंड वर केलं. खानविलकरच. निवृत्त झाला, गावाबाहेर माळावर बंगला बांधला, एवढं कानावर आलं होतं. केस पिकलेत, गालफडं बसलीत, शर्ट मात्र तसाच कडक. त्यानं मला ओळखलं नाही. विमा योजनेचा तपासणी अधिकारी होता तेव्हा तो रजिस्टर बघायचा. रजिस्टर पुढं सरकवणाऱ्या बाईकडं बघायचं त्याला कधी काम पडलं नव्हतं.

"काय पाहिजे, साहेब?"

"मानसशास्त्रज्ञ मॅडमना दाखवायचंय. मिसेसना. डॉक्टरांनी तसं लिहून दिलंय."

मिसेस मागं बाकावर बसल्या होत्या. फिकट निळी साडी, मांडीवर पर्स, पर्सवर दोन्ही हात.

"डॉक्टरांनी कधी तपासलं?"

"आत्ताच. नऊ वाजता."

"म्हणजे आज."

"आजच."

मी पेन खाली ठेवलं. खोटं कशाला सांगू, माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं.

"मग आज नाही जमायचं. डॉक्टरांची भेट झाली ना तुमची? एका माणसाला एका दिवशी एकच भेट. उद्या या."

हे वाक्य मी चार वर्षं तोंडात धरून होते.

आता ते वाक्य कळायचं तर आमचं गाव सांगायला हवं. गाव यंत्रमागांचं. आठवड्यातले सहा दिवस इथं कुणी हळू बोलत नाही, कारण हळू बोललेलं ऐकूच जात नाही. सोमवारी मागांची लाइट बंद असते. त्या दिवशी गाव एकदम गप्प होतं, नवख्या माणसाला वाटावं काहीतरी अघटित घडलंय. आणि बायकांची आठवड्याची सगळी कामं त्या एका दिवसात. केस धुणं, दळण, पोरांच्या लसी, कुणाच्या मयताला जायचं राहून गेलं असेल तर ते, आणि दवाखाना. एरवी मशीन सोडून यायचं तर दिवसाची मजुरी जाते आणि मुकादम चार शब्द ऐकवतो ते वेगळंच.

आमचा दवाखाना वस्तीतला, एका संस्थेचा. मागवाल्यांचं, आणि योजनेच्या नोकरदारांचंही, विम्याचं कार्ड इथं चालतं. मी लागले झाडू मारायला. रजिस्टरं पुसता पुसता वाचायला लागले, आणि पुढं खिडकीवरचा माणूस वरचेवर दांडी मारायचा म्हणून खिडकीत बसले ती बसलेच. गौतमी मॅडम आमच्याकडं सोमवार आणि मंगळवार, दोन दिवस यायच्या. पाटीवर 'मानसशास्त्रज्ञ' असं लिहिलं होतं, पण तो शब्द उच्चारायला लई वेळ लागतो म्हणून बायका त्यांना 'बोलायच्या मॅडम' म्हणायच्या. "बीपी बघते आणि जरा बोलून येते," असं.

तर विम्याचा नियम हा. एका दिवशी एकाच भेटीचे पैसे. सकाळी डॉक्टरनं दंडाला पट्टा गुंडाळला की झाली तुमची भेट. मग त्याच दिवशी बोलायच्या मॅडमकडं गेलात तर ती फुकट. शिवाय मॅडमच्या भेटी वर्षाला आठ. माणसाचं दुःख आठ भेटींत आटपत नसेल तर त्यानं पुढच्या एप्रिलपर्यंत थांबावं, असा हिशेब. म्हणजे ज्या सोमवारी बायका यायच्या त्या सोमवारी मॅडमनी बसून राहायचं, आणि मंगळवारी मॅडम मोकळ्या तर बायका मशीनवर. संस्थेनं सांगून टाकलं होतं, विम्याचे पैसे आले नाहीत तर ती खोली बंद करू.

मग मीच तोड काढली. बाई सोमवारी बोलून जायची, मी रजिस्टरला मंगळवारची तारीख टाकायची. कुणाचं काही बिघडलं नाही. अडीच वर्षं चाललं.

त्यातली एक सुगंधा कोळेकर. सव्वीस वर्षांची, मागाला लागणाऱ्या सुताच्या कांड्या भरायला जायची. शेजारच्या मशीनवरच्या बाईचा पदर पट्ट्यात गेला तेव्हा बटण बंद करायला जवळ हीच होती. हिचा हात उठला नाही. किती वेळ उठला नाही हे तिलाच ठाऊक. त्यानंतर ती कुठलंच बटण दाबेना. घरातला दिवासुद्धा नाही. संध्याकाळी नवरा येईपर्यंत अंधारात बसून राहायची. मशीनवर जायची, पण चालू-बंद दुसरीनं करायचं. मुकादमानं ते महिनाभर चालवून घेतलं, मग बोलणी सुरू झाली.

बोलायच्या मॅडमनी तिला काय केलं मला माहीत नाही, दार बंद असायचं. पण सहाव्या भेटीला आतून पंख्याचा आवाज आला. आणि सुगंधा बाहेर येऊन मला म्हणाली, "अक्का, म्याच लावला. आता भायेर थंडी हाय ते जाऊ द्या."

त्याच महिन्यात खानविलकर तपासणीला आला. सोमवारीच आला. हुशार माणूस; आधीच कारखान्यांत जाऊन मुकादमांकडून हजेरीचे कागद घेऊन आला होता. माझं रजिस्टर उघडलं, शेजारी हजेरी ठेवली.

"या बाई मंगळवारी दहा ते सहा कांडी मशीनवर आहेत," तो म्हणाला. आवाज चढवला नाही. "आणि याच बाई मंगळवारी साडेअकराला इथे मानसशास्त्रज्ञांकडे आहेत. दोन्हीकडे कशा?"

सुगंधाच्या सातपैकी पाच भेटी बाद झाल्या. हिरव्या फुल्या. बाद म्हणजे पैसे नाहीत; पण आठातल्या मोजायच्या मात्र मोजल्या. खोटी तारीख पुन्हा सापडली तर दवाखान्याचं नाव योजनेतून काढू, असं सांगून तो डॉक्टरांच्या खोलीत पोहे खायला गेला. आणि त्याच वेळी सुगंधा आली. नऊ वाजता तिचं बीपी झालं होतं. तिला परत पाठवलं गेलं. मंगळवारी मशीन होतं. बुधवारी ती गेली. कशी गेली ते मी कधीच कुणाला सांगितलं नाही, इथंही सांगणार नाही.

तेव्हापासून माझा आणि खानविलकरचा हिशेब बाकी होता. रोज रात्री अंथरुणावर पडले की मी त्याला एकेका खिडकीवर उभा करायची. रेशनच्या, बँकेच्या, तलाठ्याच्या. सगळीकडं त्याला कुणीतरी उद्या या म्हणायचं. आणि आता तो आपल्या पायांनी चालत माझ्याच खिडकीवर आला होता.

मी त्याच्या तोंडाकडं बघत राहिले. आता हा चिडेल, वरच्या साहेबाचं नाव घेईल, हात जोडेल.

"बरोबर आहे," खानविलकर म्हणाला. "एका दिवशी एकच भेट. माझ्याच लक्षात यायला हवं होतं." मागं वळून बायकोला म्हणाला, "वासंती, उद्या यावं लागेल. नियम आहे." आणि मला, "बरं वाटलं. अजून पाळला जातो म्हणजे."

काय करावं अशा माणसाचं? मी मारायला हात उचलावा आणि त्यानं तो धरून शेकहँड करावा, तसं झालं.

पण मी एवढ्यावर सोडणार नव्हते. "उद्यासाठी नाव आज लावून ठेवते. कार्डाची झेरॉक्स?"

"आहे."

"दोन्ही बाजूंची लागते."

"दोन्ही बाजूंची आहे."

"आधारची?"

प्लास्टिकच्या फोल्डरमधून तीही निघाली.

"लग्नाचा दाखला?"

"तो लागत नाही. पण आहे," असं म्हणून त्यानं तोही काढला. रांगेतली एक म्हातारी म्हणाली, "वरातीचा फोटू बी आनला असंल बघ त्यानं." बायका हसल्या. खानविलकरही जरासा हसला. त्याचा दिवस चांगला चालला होता.

"यावर मागच्या ऑफिसचा शिक्का आणा," मी म्हटलं. मागच्या ऑफिसात त्या वेळेला एकटा शिपाई असतो आणि तो शिक्का शोधायला अर्धा तास घेतो. खानविलकर आनंदानं गेला.

मी रांगेतल्या दोघीतिघींची नावं लावली. तेवढ्यात वासंतीबाई उठून खिडकीशी आल्या.

"ताई, उद्या म्हणजे मंगळवार ना?"

"हो."

"मंगळवारी ह्यांचा ज्येष्ठ नागरिक संघ असतो. दहा ते एक."

"मग दुपारी आणतील ते तुम्हाला. मॅडम चारपर्यंत असतात."

"नाही, दुपारचं काही नको." त्या अगदी गोड हसल्या. कुणाच्या तरी घरी जेवायला बोलावलंय आणि नाही म्हणायचं जिवावर आलंय, तसं. "दहा ते एक मी एकटीच असते घरी. तुम्ही उगीच नाव लावून ठेवू नका. दुसऱ्या कुणाला तरी ती वेळ मिळेल."

"एकट्या असता तर काय करता एवढा वेळ?" मी विचारलं. उगीच विचारलं. हात लिहीतच होता.

"आवरते. सगळं आवरून झालंय तसं. लोणच्याच्या बरण्यांवर चिठ्ठ्या लावल्या परवा. ह्यांना कळत नाही हो, नवीन आधी उघडतात. मग कुठली आधी संपवायची, कुठली नंतर, तसं लिहून ठेवलं."

माझा हात थांबला.

"आणि तुम्हाला नाही का लागत लोणचं?"

त्या माझ्याकडं बघत राहिल्या. मागं रांगेत एक पोर रडत होतं, म्हातारी कुणालातरी दळणाचा भाव सांगत होती, आणि ह्या बाई माझ्याकडं शांतपणे बघत होत्या.

मी खिडकी लावून घेतली. बाहेर आले, त्यांचा दंड धरला. हाडंच लागली हाताला. "चला."

"पण आज तर—"

"चला तुम्ही."

गौतमी मॅडम सोमवारच्या नेहमीप्रमाणं रिकाम्या खोलीत क्रोशाचं विणकाम घेऊन बसल्या होत्या. मी वासंतीबाईंना खुर्चीत बसवलं आणि मॅडमच्या कानाशी वाकून बरण्यांचं सांगितलं. मॅडमनी विणकाम खाली ठेवलं.

"रत्नाक्का, नोंद?"

"नोंद मी बघते. तुम्ही ह्यांना एकटं सोडू नका."

दार बंद करून खिडकीवर आले तर खानविलकर शिक्का मारून हजर.

"मिसेस कुठे गेल्या?"

"आत. बोलायच्या मॅडमकडं."

"पण आजची भेट तर झालेली आहे."

"झाली आहे." मी रजिस्टर त्याच्याकडं फिरवलं. "इथं नातेवाइकानं सही करायची. आणि सहीखाली तारीख. उद्याची टाका."

त्याला आधी कळलंच नाही. मग कळलं. मान ताठ झाली.

"हे खोटं आहे."

"हो."

"बाई, मी एकतीस वर्षं नोकरी केली. एक चुकीची तारीख—"

"माहीत आहे मला तुमची नोकरी. सही करा, नाहीतर मी दार वाजवते आणि त्यांना बाहेर काढते. नियम आहे."

"उद्या आणतो म्हणालो ना मी तिला."

"लोणच्याच्या बरण्यांवर चिठ्ठ्या लावल्यात तुमच्या घरी. बघितल्या?"

"हो. तिला टापटीप लागते सगळं."

"वाचल्या?"

"वाचल्या की. कैरीची आधी, मग लिंबाची, मग…" तो बोलता बोलता थांबला. पुढं किती बरण्या होत्या कुणास ठाऊक. त्या एकेक करून त्याच्या डोळ्यांपुढं आल्या असणार, कारण त्याचे ओठ हलत होते आणि आवाज येत नव्हता.

"उद्या दहा ते एक तुम्ही संघात असता," मी म्हटलं.

त्यानं खिशातून पेन काढलं. टोपण निघेना. निघालं तेव्हा हातातून पडलं आणि बाकाखाली गेलं, ते त्यानं उचललं नाही. सही केली. सहीखाली उद्याची तारीख टाकली, हिरव्या शाईनं, महिना आणि साल सगळं. इतकं सुंदर अक्षर आणि इतकं खोटं.

मला हवं ते मिळालं होतं. एकतीस वर्षांत न केलेली गोष्ट मी त्याच्याकडून एका मिनिटात करून घेतली होती, आणि ती माझ्या हातात होती. आता फक्त कशासाठी, ते त्याला कळायला हवं होतं.

"सुगंधा कोळेकर," मी म्हटलं. "आठवतं का नाव?"

त्यानं कपाळ चोळलं. "कोळेकर. कांडी विभाग. सात भेटी, पाच बाद." नावापेक्षा त्याला आकडे आधी आठवले.

"तुम्ही आलात तो सोमवार. बुधवारी ती गेली."

"गेली म्हणजे?"

"तुमच्या मिसेस उद्या जाणार होत्या, तशी."

खानविलकर बाकावर बसला. रांगेतल्या बायकांना काय ते कळलं नाही, पण काहीतरी आहे हे कळलं. मी त्याच्याकडं बघत होते. चार वर्षं वाट बघितलेली गोष्ट होती, एक क्षणही चुकवायचा नव्हता मला.

मग त्यानं मान वर केली. "ती त्या सोमवारी आली होती का इथे?"

"आली होती."

"मी डॉक्टरांच्या खोलीत होतो. मला कुणी विचारायला आलं नाही." तो भांडत नव्हता. फाइल चाळावी तसं त्या दिवसाकडं बघत होता. "विचारलं असतं तर मी काय म्हणालो असतो, सांगता येत नाही. कदाचित नाहीच म्हणालो असतो. पण विचारायला कुणी आलं नाही. तिला परत कुणी पाठवलं?"

सोमवारी गाव शांत असतं हे मी सांगितलंच आहे.

ती त्या सोमवारी केस धुऊन आली होती. ओले केस तसेच पाठीवर सोडलेले, खांद्यावर पोलकं भिजलेलं. खिडकीत कोपर टेकून म्हणाली, "अक्का, आज मॅडम मला मशीनवर न्हेनार हाईत. बंद मशीनवर. पर बटण खरं हाय." आणि माझ्यापुढं रजिस्टरवरच्या हिरव्या फुल्या अजून ओल्या होत्या. आतून त्याच्या चमच्याचा बशीवर आवाज येत होता. मला वाटलं, हा उठून आला आणि त्यानं हिला इथं बघितलं तर माझी खिडकी जाईल. पुन्हा झाडू हातात येईल. म्हणून मी म्हटलं, "आज नाही. उद्या ये." ती म्हणाली, "उद्या मशीन हाय की वं अक्का." मी म्हटलं, "मग पुढच्या सोमवारी. आणि त्या दिवशी बीपी बघून येऊ नकोस." ती थोडा वेळ तशीच उभी राहिली. मी दुसऱ्या बाईचं कार्ड हातात घेतलं.

खानविलकर अजून माझ्याकडं बघत होता. आता त्यानं मला ओळखलं होतं.

"मी पाठवलं," मी म्हटलं.

त्यानं मान हलवली. रांगेतल्या म्हातारीनं त्याला आपल्या पिशवीतली पाण्याची बाटली दिली, ती त्यानं घेतली, आणि थोड्या वेळानं मला विचारलं, "तुम्हाला हवंय?"

वासंतीबाई दीड तास आत होत्या. मॅडमनी जिल्ह्याच्या दवाखान्यात फोन केला, गाडी बोलावली, त्याच दुपारी त्यांना तिकडं हलवलं. खानविलकर बरोबर गेला.

सहीचं ते पान मला योजनेच्या ऑफिसला पाठवायचंच होतं. सही घेतानाच तसं ठरवलं होतं. त्याच संध्याकाळी पाठवलं, त्यावरची तारीख उजाडायच्या आत. माझा बेत मी बदलला नाही. फक्त त्याच्यामागं दुसरा एक कागद टाचला, माझ्या अक्षरातला. सुगंधाचं नाव, तो सोमवार, वेळ, आणि मी तिला काय सांगितलं ते. कार्बन कॉपी ठेवली नाही.

अडीच महिन्यांनी चौकशीचं बोलावणं आलं. खिडकी माझ्याकडून त्याआधीच काढून घेतली होती, त्याची पेन्शन थांबवली होती. आम्हाला एकाच दिवशी बोलावलं, एकाच वेळी. वासंतीबाई तेव्हा भावाकडं होत्या, औषधं चालू होती, थोडं थोडं जेवायला लागल्या होत्या, हे त्यानंच मला सांगितलं, मी न विचारता. आम्ही बाकावर शेजारी शेजारी बसून राहिलो.

साडेबारा वाजता शिपाई हातात दोन फायली घेऊन बाहेर आला. एकदा त्याच्याकडं, एकदा माझ्याकडं बघून म्हणाला, "तुमची प्रकरणं वेगळी वेगळी आहेत, का एकच?"

मी खानविलकरकडं बघितलं नाही.

"एकच," तो म्हणाला.